आकाश, तीन वर्षांच्या करारावर

साध्या दुर्बिणीतून आकाश पाहणाऱ्या खगोलशास्त्रज्ञाला एक मोठी सोय असते. ढग आले की त्याला पांघरूण घेऊन झोपता येतं. रेडिओ खगोलशास्त्रज्ञाच्या नशिबात तेही सुख नाही. त्याच्या लहरी ढगांतून आरपार येतात, श्रावणातल्या झडीत येतात, भर दुपारी सूर्य डोक्यावर असताना येतात. "आज आकाश नीट नाही, उद्या बघू" असं म्हणायला निसर्गानं त्याला एकही सबब ठेवलेली नाही. त्याच्या कामात खंड पडतो तो बहुधा एकाच कारणानं. फेलोशिप संपते.

ही फेलोशिप म्हणजे पीएच.डी.नंतरची आणि कायमच्या नोकरीआधीची दोन-तीन वर्षांची नेमणूक; ती करणारा तो पोस्टडॉक. नावापुढे डॉक्टर लागलंय, पण बँक घरकर्ज देत नाही, असा हा काळ. एक संपली की दुसरी, दुसरी संपली की जमलं तर तिसरी. दर वेळी नवा देश, नवा व्हिसा आणि नवा प्रेशर कुकर. माझी भाची या मार्गाला लागल्यापासून आमच्या घरात आकाशगंगेपेक्षा करारांची चर्चा जास्त होते. तिचा अभ्यास दूरच्या दीर्घिकांमधल्या हायड्रोजन वायूचा. थंड हायड्रोजनचा अणू एकवीस सेंटीमीटर लांबीची रेडिओ लहर सोडतो, हे तिनं मला जेवताना समजावलं. एकटा अणू आपणहून ही लहर सोडायला सरासरी सुमारे १ कोटी १० लाख वर्षं लावतो, हेही त्याच जेवणात समजलं. त्याची वाट पाहायला तिला मिळणार तीन वर्षं. तीही सरळ तीन नव्हेत; दोन अधिक एक, आणि ते एक काम बरं चाललं तर.

"मग जमणार कसं?" मी विचारलं.

"अणू भरपूर आहेत मामा, त्यामुळे भागतं," ती म्हणाली. "जागा तेवढ्या नाहीत."

आमची आत्या नव्वदीला टेकली आहे. तिला हायड्रोजनबद्दल काही तक्रार नाही. तिचे प्रश्न वेगळे.

"शिक्षण संपलं ना हिचं?"

"संपलं."

"मग नोकरी लागली?"

"तीन वर्षांची लागेल, आत्याआजी."

"आणि पुढं?"

"पुढं परत अर्ज."

आत्यानं थोडा विचार केला. आमचे आत्तोबा हयात असताना जिल्हा परिषदेत होते. "तिथं आपल्या ओळखीचं कोणी आहे का बघा रे," ती म्हणाली, "पोरीला कायम करून घ्यायला सांगू." विश्वाचा कारभार कोणत्या तालुक्यात येतो हे मात्र आम्हांला तिला सांगता आलं नाही.

या अर्जांचा हंगाम नवरात्राच्या सुमारास सुरू होतो आणि दत्तजयंतीपर्यंत चालतो. जगातल्या बड्या फेलोशिपांच्या शेवटच्या तारखा ठरवणाऱ्या मंडळींनी कालनिर्णय पाहिलेलं नसतं. एका दिवाळीत भाचीच्या एका अमेरिकन अर्जाची मुदत नेमकी नरकचतुर्दशीच्या पहाटे संपत होती. तिथल्या पूर्व किनाऱ्यावरचे संध्याकाळचे पाच म्हणजे आपल्याकडे पहाटेचे अडीच. पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर मागं सरकतात आणि अडीचचे साडेतीन होतात. हा जादा तास पुऱ्या अमेरिकेनं आपल्याला फराळासारखा ताटात वाढून दिला आहे, असा भाचीचा चेहरा होता. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी चकलीचा डबा, आणि समोर पाच पानांत बसवायचा साडेपाच पानांचा मजकूर. अक्षर अकरा पॉइंटच्या खाली न्यायचं नाही, समास एक इंचाच्या आत आणायचा नाही. शेवटी एका आलेखाची रुंदी कमी केली, दोन दीर्घिका वगळल्या, तेव्हा ते अर्धं पान गिळलं गेलं. तेवढ्यात बायको उटण्याची वाटी घेऊन आली.

"झालं का गं? सूर्योदयाच्या आत आंघोळ नाही केलीस तर नरकात जाशील."

"मामी, पोर्टल बंद झालं तर मी तिथंच आहे."

फाइल तीन वाजून सव्वीस मिनिटांनी चढली. कारीट तिनं त्यानंतर ज्या जोरानं फोडलं, तो नरकासुरासाठी नव्हता.

अर्जात असतं काय? आजवरच्या कामाचा आढावा, पेपरांची यादी, पुढच्या कामाचा आराखडा आणि तीन शिफारसपत्रं. यातला आराखडा हा ललित वाङ्मयाचा एक उपेक्षित प्रकार आहे, असं माझं मत. तिसऱ्या वर्षाच्या उत्तरार्धात आपल्याला काय सापडेल, हे उमेदवारानं आजच सांगायचं असतं. ते सापडल्यावर त्यातून आणखी काय निघेल, तेही. सापडणार हे आधीच इतकं पक्कं असेल तर शोधायचं कशाला, हा प्रश्न परीक्षकांना पडत नाही, कारण तेही असेच आराखडे लिहीत लिहीत तिथवर पोचलेले असतात.

पण खरी गंमत शिफारसपत्रांत आहे. फेलोशिपच्या जाहिरातीत ठळकपणे म्हटलेलं असतं की आम्हांला स्वतंत्र बुद्धीचा, स्वतःची दिशा स्वतः ठरवणारा संशोधक हवा. आणि हा संशोधक स्वतंत्र आहे, हे तीन वडीलधाऱ्यांनी लिहून द्यायचं असतं. त्या वडीलधाऱ्यांपैकी एक चिलीत असतात, एक विमानात असतात आणि तिसरे, "मी पाठवलं नाही का अजून?" असं विचारत असतात. पत्र उमेदवाराला वाचता येत नाही. ते गुप्त, थेट समितीला जातं. उमेदवाराच्या हातात फक्त आठवण करून देणं. पहिली आठवण नम्र, दुसरी अतिनम्र. तिसरीची भाषा ज्ञानेश्वरांच्या काळातल्या शिष्यालाही जमली नसती इतकी लीन.

पत्रांच्या भाषेतही देशोदेशींच्या तऱ्हा आहेत. अमेरिकन सरांच्या पत्रात प्रत्येक विद्यार्थी गेल्या दहा वर्षांतल्या सर्वोत्तम पाचांपैकी एक असतो; अशा पाचांची संख्या दरवर्षी पाचनं वाढते. इंग्लंडमधले सर "काम नीट आहे" एवढं लिहून थांबतात, आणि जाणकारांना त्यात टाळ्यांचा कडकडाट ऐकू येतो. आमच्या पुण्याच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी एकदा एका विद्यार्थ्याच्या पत्रात "माझी विशेष तक्रार नाही" असं लिहिलं होतं. समितीनं त्या विद्यार्थ्याला घेतलं नाही. समितीत एक जरी सदाशिव पेठेतला माणूस असता तरी तो मुलगा पहिल्या क्रमांकानं निवडला गेला असता.

पुण्याचा विषय निघालाच आहे, तर दुर्बिणीकडेही वळू. पुण्याहून नाशिक रस्त्यानं सुमारे ऐंशी किलोमीटर गेलं, नारायणगावातून आत वळलं, की खोडदच्या शिवारात द्राक्षबागा, टोमॅटो आणि उसाच्या मधोमध पंचेचाळीस मीटर व्यासाच्या जाळीदार थाळ्या आकाशाकडे तोंड करून उभ्या दिसतात. हीच जीएमआरटी नावाची रेडिओ दुर्बीण. अशा एकूण तीस. चौदा मधल्या चौकात, सोळा तीन बाजूंना पसरलेल्या, सगळा पसारा पंचवीस किलोमीटरचा. वारा आरपार जावा म्हणून थाळ्यांचा पत्रा नाही, पोलादी तारांची जाळी. परिसरात बिबट्यांचाही वावर आहे. रात्रीच्या पाळीला जाणाऱ्या संशोधकाला आकाशाइतकंच उसाकडेही लक्ष ठेवावं लागतं.

पण नारायणगावची त्याहून जुनी ख्याती तमाशाची. गुढीपाडव्याच्या सुमारास फडमालक इथं राहुट्या ठोकतात. गावोगावचे पंच जत्रेसाठी फड ठरवायला येतात, चार राहुट्या फिरतात, घासाघीस करतात आणि सुपारी देतात. फडाचं पुढच्या हंगामाचं पोट त्या चार दिवसांवर ठरतं. भाचीनं मला अमेरिकन अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या जानेवारीतल्या वार्षिक सभेचं वर्णन सांगितलं, तेव्हा मी थेट पाडव्याच्या नारायणगावात जाऊन पोचलो. तिथंही भलीमोठी राहुटी. पोस्टर लावून उभे असलेले तरुण कलावंत, कॉफीचा कप हातात घेऊन फिरणारे पंच, "तुमचं काम पाहिलं हं आम्ही" अशी बोलणी, आणि संध्याकाळी कोणी कोणाला गाठून कुठं नेलं याच्या बातम्या. फडाच्या कलावंताला हंगामाआधी उचल तरी मिळते. पोस्टडॉकला मुलाखतीच्या विमानाचं तिकीट आधी स्वतःच्या खिशातून काढावं लागतं आणि बिल लावून पुढचे तीन महिने वाट पाहावी लागते. या एका बाबतीत तमाशाचा धंदा विज्ञानाच्या पुढं आहे, हे कबूल करायला हवं.

या क्षेत्रातल्या सगळ्यांत मानाच्या फेलोशिपांपैकी एक म्हणजे जान्स्की फेलोशिप. अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ वेधशाळेची, अर्थात एनआरएओची. ज्या कार्ल जान्स्कीच्या नावानं ती आहे, त्याची गोष्ट अर्ज भरणाऱ्या प्रत्येकाला सक्तीनं वाचायला द्यावी, असं मला वाटतं. जान्स्की १९२८ साली बेल लॅब्समध्ये लागला. वय बावीस. काम अगदी रुक्ष: अटलांटिकपल्याड रेडिओवरून फोन जोडताना खरखर का येते ते शोधायचं. न्यू जर्सीतल्या होल्मडेल गावाच्या एका शेतात त्यानं सुमारे तीस मीटर लांबीचा अँटेना उभा केला आणि तो फिरता राहावा म्हणून त्याला फोर्डच्या मॉडेल टी मोटारीची चाकं लावली. दर वीस मिनिटांना अँटेना एक फेरी घ्यायचा. जान्स्कीला तीन प्रकारची खरखर सापडली. जवळच्या वादळांची, लांबच्या वादळांची, आणि तिसरी एक मंद, सतत, कुठूनशी येणारी. ही तिसरी खरखर रोज चार मिनिटं लवकर परत यायची. चोवीस तासांनी नव्हे, तेवीस तास छप्पन्न मिनिटांनी. आणि तेवीस तास छप्पन्न मिनिटं हे ताऱ्यांचं वेळापत्रक आहे. खरखर आपल्या आकाशगंगेच्या मध्याकडून येत होती.

मे १९३३ मध्ये ही बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर छापून आली. पुढं काय झालं असेल? बढती, मोठी वेधशाळा, स्वतंत्र विभाग? बेल लॅब्सच्या दृष्टीनं खरखर कुठून येते हे समजलं होतं आणि आकाशगंगेवर खटला भरता येत नव्हता. जान्स्कीला दुसऱ्या कामावर लावलं गेलं. तो पुन्हा कधी खगोलशास्त्रात रमला नाही, आणि १९५० साली वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी गेला. त्यानंतर आकाशातल्या रेडिओ लहरींची तीव्रता मोजायच्या एककाला त्याचं नाव दिलं गेलं. फेलोशिपलाही. ज्या माणसाला रेडिओ खगोलशास्त्र करायला कोणी पैसे दिले नाहीत, त्याच्या नावानं आता रेडिओ खगोलशास्त्र करायला पैसे देतात. अर्ज मात्र वेळेत यायला हवा, आणि आराखडा स्पष्ट हवा. जान्स्कीनं आराखडा लिहिला असता तर त्यात "फोनमधली खरखर" एवढंच असतं. पहिल्या चाळणीतच उडाला असता.

त्याच्यामागून आलेल्या ग्रोट रेबरची तऱ्हा आणखी वेगळी. त्यानं जान्स्कीबद्दल वाचलं, बेल लॅब्समध्ये नोकरी मागितली. मंदीचे दिवस, मिळाली नाही. मग या गड्यानं १९३७ साली इलिनॉयमधल्या व्हीटन गावी, आईच्या परसात, स्वतःच्या पैशानं नऊ-साडेनऊ मीटरची थाळी बांधली आणि पुढं जवळजवळ दहा वर्षं जगातला एकमेव रेडिओ खगोलशास्त्रज्ञ म्हणून काम केलं. अर्ज नाही, समिती नाही, शिफारसपत्र नाही. शिवाय जगात आपला क्रमांक कितवा, हे विचारायचीही गरज नाही. हे ऐकल्यावर माझी बहीण धास्तावली. कराडला तिचं परस मोठं आहे. "तसलं काही इथं मांडायचं नाही," तिनं मुलीला बजावून ठेवलं, "तिथं मी कढीपत्ता लावलाय."

आता प्रत्यक्ष कामाविषयी. लोकांना वाटतं, रेडिओ खगोलशास्त्रज्ञ कानाला हेडफोन लावून ताऱ्यांचं बोलणं ऐकत असतो. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त खोडदला आसपासच्या शाळांची, गावांची झुंबड उडते. तेव्हा थाळीकडे बोट करून येणारा ठरलेला प्रश्न असतो: "यातून काय दिसतं?" खरं उत्तर "काही नाही" असं आहे. थाळ्यांतून येतात ते आकडे. टेराबाइटनं येतात, आणि त्यांतले पुष्कळसे आकाशातले नसतातच. विजेच्या तारेवरची ठिणगी, मोबाइल, कुठलीशी मोटार, कुणाचं तरी यंत्र. हे सगळे आकडे निवडून फेकून द्यायचे. भाचीनं तीन-चार वर्षं मुख्यतः हेच केलं. सूपभर तांदूळ निवडणाऱ्या माणसाला तुम्ही काय शिजवता असं विचारू नये, असं ती पाहुण्यांना सांगते.

आणि कधीकधी हा खडा फारच जवळचा निघतो. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या दुर्बिणीला कित्येक वर्षं काही गूढ, क्षणिक रेडिओ स्फोट दिसत होते. दूरच्या विश्वातून येणाऱ्या खऱ्या स्फोटांशी त्यांचं इतकं साम्य होतं की शास्त्रज्ञ चक्रावून गेले. हे स्फोट कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत आणि विशेषतः जेवणाच्या सुमारास होतात, ही गोष्ट मात्र कुणाच्या तरी नजरेत भरली. २०१५ साली छडा लागला. वेधशाळेतल्या मायक्रोवेव्ह ओव्हनचं दार, पदार्थ गरम होण्याची वाट न पाहता कोणी मध्येच उघडलं, की एक स्फोट. हे शोधून काढणाऱ्या गटाचं नेतृत्व करत होती पीएच.डी.ची एक विद्यार्थिनी, एमिली पेट्रॉफ. ज्यांनी घाईनं दार उघडलं त्यांच्या नेमणुका बहुधा कायमच्या असाव्यात. पोस्टडॉक डबा थंडच खातो.

दुर्बिणीला मानवी वस्तीचं वावडं. म्हणून त्या माणसांपासून शक्य तितक्या लांब बांधतात, आणि मग तिथं नेमणुकीसाठी माणसं शोधतात. न्यू मेक्सिकोच्या पठारावर सत्तावीस थाळ्या, दक्षिण आफ्रिकेच्या कारू वाळवंटात मीरकॅटच्या चौसष्ट. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसन भागाचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या जवळपास सहाव्या हिश्श्याएवढं, आणि वस्ती शंभराच्या आसपास. तिथं आता एसकेए या महाप्रकल्पाच्या १ लाख ३१ हजार ७२ अँटेना उभ्या राहत आहेत. म्हणजे माणशी हजारांहून अधिक. भारतही या प्रकल्पात आहे. १,२५० कोटी रुपये मंजूर झालेत. भाचीनं हे सगळं कौतुकानं सांगितलं. आत्यानं त्यातला एकच आकडा उचलला. "शंभरच माणसं? मग पाणी चोवीस तास येत असेल." संशोधक त्या वाळवंटात राहत नाहीत, शहरात बसून काम करतात, हे सांगून तिचा आनंद कोणी घालवला नाही.

आपल्याकडे जीएमआरटीभोवती माणसंच माणसं आहेत, म्हणून उलटा पेच. पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग आखताना या थाळ्या आडव्या आल्या आणि मोठी चर्चा झाली. आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधल्या हायड्रोजनचं मोजमाप याच थाळ्यांनी २०२० साली जगासमोर आणलं, हे खरं. पण नाशिकला लवकर पोचायचं असलेल्या माणसाला आठ अब्ज वर्षांचं कौतुक किती सांगणार? संशोधकांची बाजू मला पटते, तरी सिन्नर घाटात अडकलेल्या एस.टी.तून ती पटवून घ्यायला जरा जड जाते.

स्थळांचा विषय टाळून हा लेख पूर्ण होणार नाही. "मुलगी कुठं असते?" या सरळ प्रश्नाला माझ्या बहिणीकडे सरळ उत्तर नाही. "आत्ता पुण्यात, ऑक्टोबरपासून कुठं ते फेब्रुवारीत कळेल." समोरचा मुलगाही शास्त्रज्ञ निघाला तर दोघांची मिळून पत्रिका जुळायला आधी दोन देशांचे दूतावास जुळावे लागतात. युरोपच्या मेरी क्युरी फेलोशिपची अट तर अशी की ज्या देशात जायचं, तिथं गेल्या छत्तीस महिन्यांत बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. म्हणजे नवरा जर्मनीत आधीच स्थिरावला असेल आणि बायको वर्षभराहून जास्त त्याच्याजवळ राहिली असेल, तर जर्मनीपुरती ती अपात्र. संसार करणं हा तिथं तांत्रिक दोष ठरतो. हे काही आजचं नाही. पल्सार नावाचे तारे शोधणाऱ्या जोसेलिन बेल यांनी १९६७ मध्ये, विद्यार्थिनी असताना, शेकडो फूट चार्टपेपरवर एक बारीकसा "कचरा" ओळखून खगोलशास्त्राला हादरा दिला. १९७४ चं नोबेल त्यांच्या गाईडला मिळालं. त्या मात्र पुढची कित्येक वर्षं नवऱ्याच्या बदल्यांमागं गावं बदलत, अर्धवेळ कामं करत, रेडिओ सोडून क्ष-किरण, अवरक्त असं जे मिळेल ते करत राहिल्या. २०१८ साली त्यांना तीस लाख डॉलरचा ब्रेकथ्रू पुरस्कार मिळाला. तो सगळाच्या सगळा त्यांनी नव्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी देऊन टाकला. बहिणीला हे सांगितल्यावर ती गप्प झाली. मग म्हणाली, "एवढे पैसे दिले तर दोन-चार कायमच्या जागा तरी निर्माण करायच्या होत्या."

फेलोशिपवर गेलेल्या माणसाकडून सगळ्यांत मोठी वसुली मात्र आपल्या देशानं केली आहे. गोविंद स्वरूप १९५३ साली कोलंबो योजनेतून सिडनीला गेले, वय चोवीस. तिथल्या वेधशाळेत सूर्याचा वेध घेणाऱ्या सहा फुटी बत्तीस थाळ्या होत्या, त्यांचं काम संपत आलं होतं. स्वरूप यांनी त्या भारतासाठी मागितल्या, आणि ऑस्ट्रेलियानं द्यायला होकारही भरला. त्यानंतर आपल्याकडे चर्चा सुरू झाली ती वाहतुकीचा खर्च कोणी करायचा यावर. सूर्याचं संशोधन राहिलं बाजूला. कंटाळून स्वरूप अमेरिकेला गेले, स्टॅनफर्डला पीएच.डी. केली. पुढं परदेशातल्या चार भारतीय खगोलशास्त्रज्ञांनी मिळून मायदेशातल्या संस्थांना पत्र लिहिलं की आम्ही परत येतो, एखादं केंद्र काढा. १९६२ च्या सुरुवातीला होमी भाभांची तार आली: या. स्वरूप आले, आणि मग त्या थाळ्याही त्यांच्या हाती आल्या. १९६५ मध्ये त्या उभ्या राहिल्या कुठं, तर कल्याणला. आज तिथून लोकल पकडणाऱ्या माणसाला हे सांगितलं तर तो विचारील, फास्टला थांबते का. कल्याणनंतर उटी, उटीनंतर खोडद. म्हणजे दोन वर्षांच्या एका फेलोशिपवर आपण एक शास्त्र उभं केलं. भाचीला मी हे उत्साहानं ऐकवलं. तिनं शांतपणे विचारलं, "मामा, भाभांची तार यायला किती दिवस लागले? मला तीन महिने झाले, एका ठिकाणाहून अर्ज पोचल्याचंही कळवलं नाहीये."

डिसेंबर उलटला की नकार येऊ लागतात. नकारांची भाषा सगळीकडे एकच: या वर्षी अर्जांचा दर्जा अपवादात्मक उंचीचा होता. दरवर्षी तो अपवादात्मकच असतो. दरम्यान कुणाला कुठं बोलावणं आलं याच्या अफवा पोस्टडॉकांच्या जगात फिरत असतात, आणि त्या पाहू नका असं एकमेकांना बजावत सगळे त्या दर तासाला पाहतात. अमेरिकेतल्या संस्थांनी एक शहाणपणाचा करार केला आहे: १५ फेब्रुवारीच्या आत उमेदवाराकडून होकार-नकाराची सक्ती करायची नाही. त्यामुळे चार निमंत्रणं आलेला भाग्यवान १४ तारखेपर्यंत सगळी हातात धरून बसतो, आणि त्याच्यामागं रांगेत उभे असलेले बाकीचे त्याच्या तब्येतीची चौकशी करत राहतात.

भाचीला निमंत्रण आलं ते अगदी अनपेक्षितपणे पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून. तीन वर्षं, दोन अधिक एक. घरात पेढे वाटले. आत्यानं पर्थ कुठं आहे ते नकाशावर दाखवून घेतलं आणि पाण्याबद्दल पुन्हा एकदा समाधान व्यक्त केलं. मामीनं कुकर बांधून दिला. सगळं जमलं असं वाटत असतानाच पर्थमधलं भाड्याचं घर अडलं. तिथं घर हवं असेल तर त्यासाठीही अर्ज करावा लागतो, आणि घरमालकाच्या एजंटला आधीच्या घरमालकाचं शिफारसपत्र लागतं. भाचीचे आधीचे घरमालक औंधचे. निवृत्त, वय ऐंशी, ई-मेलचा तिटकारा. ती त्यांच्याकडे गेली. तीन जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञांनी तिच्याबद्दल काय लिहिलं ते तिला अजूनही माहीत नाही. काकांनी मात्र तिला समोर बसवून, लेटरहेडवर, मराठीत लिहिलं आणि इंग्रजीत भाषांतर तुझं तूच कर म्हणाले. पत्र असं: "मुलगी चार वर्षं माझ्याकडे होती. भाडं दर महिन्याच्या तीन तारखेच्या आत. रात्री दोन-अडीचला येते, पण जिन्यात चपला हातात घेऊन चढते. पाणी जपून वापरते. भिंतीला खिळे ठोकलेले नाहीत."

एजंटचा होकार दुसऱ्या दिवशी आला.